साहेब बाहेर, आपण आत

एका गावात एक भोळा सटवा होता. बाकी सगळे शहाणे होते, म्हणून गावाला पाणी नव्हतं.

तसं पाणी होतं. टेकडीवर बारमाही झरा होता. गोऱ्या साहेबानं तिथं बंगला बांधला, झऱ्यासकट उंच भिंत घातली, लोखंडी फाटकाला कुलूप लावलं. डोंगरावरची झाडं तोडून आगगाडीच्या रुळांखाली घातली. पुढं साहेब गेला, कुलूप राहिलं. आपल्या साहेबांनी त्याला वेळोवेळी तेल घातलं, एवढं मात्र खरं. झाडं गेल्यापासून नाला होळीलाच आटायचा. सटवाची वहिनी शेवंता नाल्यात खड्डा खणून वाटीवाटीनं घागर भरायची.

मग शहरातून मृण्मयीताई आल्या. टँकर घेऊन नाही, रंगांचे डबे घेऊन. गावच्या तरुणांनी चित्रं काढायची आणि त्यातून हवामान अन् वसाहतवाद समजून घ्यायचा, असं त्यांचं शिबिर होतं. चित्रं बंगल्याच्या भिंतीवर, बाहेरच्या अंगानं. शेवटच्या दिवशी तालुक्याचे साहेब बघायला येणार. त्यांना पटलं, तर झरा गावाला मोकळा.

"एवढं कुलूप निघू दे," शेवंता म्हणाली. "भावजी, तुम्ही डोकं चालवू नका. ताई सांगतील तेवढंच करा."

"तेवढंच करतो," सटवा म्हणाला. आणि तेवढंच केलं.

ताईंनी पुठ्ठ्याची पृथ्वी केली. म्हणाल्या, "हिला ताप चढलाय. आता आपण काय करायचं?"

सटवानं गुळवेलीचा काढा आणून तिच्यावर ओतला. पृथ्वीचा लगदा झाला.

"अरे, लगेच हात नाही घालायचा! आधी प्रश्न विचारायचे. कोणी आणलं? कशासाठी आणलं? कोणाला विचारून आणलं?"

"बरं."

दुपारी शेवंता शिबिरासाठी घागर घेऊन चढ चढून आली. सटवा वाटेत आडवा आला.

"कोणी आणलं?"

"दिसत नाही? मी!"

"कशासाठी आणलं?"

"तुमच्या घशात ओतायला!"

"कोणाला विचारून आणलं?"

शेवंतानं घागर उचलली नि आल्या वाटेनं परत गेली. सगळं शिबिर कोरड्या घशानं वसाहतवाद समजून घेत बसलं.

"अरे, आपल्या माणसांना नाही विचारायचं," ताई म्हणाल्या. "त्यांचा आवाज आधीच दाबलेला आहे. ज्यांना आवाज नाही, त्यांना आवाज द्यायचा."

"बरं."

सटवा एका खडकावर चढला आणि आवाज द्यायला लागला. "ए सागाऽ! ए चिंचेऽ! ए धोंड्याऽ!" साग हलला नाही, चिंच हलली नाही. पाटलांचा धोंड्या मात्र धावत आला, आणि बिबट्या आला असं समजून त्याच्यामागं काठ्या घेऊन सगळा गाव.

ताईंनी कपाळाला हात लावला. "ओरडायचं नाही रे, करून दाखवायचं! तेव्हा साहेब आत होता, आपण बाहेर. ते आता उलटं करायचं. आणि जे ज्याचं, ते त्याला परत द्यायचं. कळलं?"

"आता कळलं."

शेवटचा दिवस उजाडला. "साहेब आले! साहेब आले!" पोरं ओरडली. सटवा सावध झाला. इतकी वर्षं गेला गेला म्हणत होते, तो हा!

साहेबांनी चित्रं पाहिली, मान डोलावली. त्यांना ती पटली, किंवा ऊन फार होतं. त्यांनी कुलूप काढलं. बायकांनी घागरी बाहेरच मांडल्या. आधी झऱ्याची ओटी भरायची, मग पाणी. सगळा गाव आत गेला. ताईही गेल्या. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला.

"धर रे जरा," म्हणून त्यांनी कुलूपकिल्ली सटवाच्या हातात दिली आणि बोलत बोलत फाटकाबाहेर गेले.

सटवानं आतून फाटक लोटलं. कुलूप घातलं. साहेब जीपकडे वळले. तालुक्याला पाणीटंचाईची बैठक होती.

जीपचा धुरळा बसला तेव्हा शेवंता घागर आणायला फाटकाशी आली. फाटक हलेना.

"भावजी, हे काय?"

"उलटं केलं. साहेब बाहेर, आपण आत."

"अहो, घागरी बाहेर राहिल्या!"

"राहू दे. पाणी आत आहे ना?"

"आणि घरी कसं जायचं? भिंत बघितली का केवढी आहे? किल्ली कुठाय?"

सटवाची छाती फुगली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचं काही चुकलं नव्हतं.

"ती साहेबाची. फाटकातून हात काढून साहेबाला परत दिली."