बिननावाचं जातं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती, ते विचारू नका. तेव्हा राजा कोण होता हेसुद्धा खडकओहोळच्या लोकांना आता सांगता येत नाही. पण तिम्मव्वा टाकीवाली त्यांना काल येऊन गेल्यासारखी आठवते.

तिम्मव्वा वडाराची. दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत झाला, की छिन्नीने त्याला पुन्हा टाकी लावायची, हा तिचा धंदा. वर्षातून एकदा ती खडकओहोळला यायची आणि घरोघरी जात्यापुढे फतकल मारून बसायची. हाताबरोबर तोंडही चालायचं. कुणाची सून रुसली, कुणाच्या पोराला दात आले, सगळं तिला ठाऊक. नुसता हात लावून ती दगड कुठल्या घरचा ते ओळखायची, असं म्हणतात.

एका वर्षी ती आली, तेव्हा गाव नव्हतं. गावावरून फौज गेली होती. कुणी म्हणतं वरच्या राजाची, कुणी म्हणतं खालच्या. ज्यांची घरं जळली त्यांना विचारलं असतं, पण सांगायला कुणी उरलंच नव्हतं. माणसं, गुरं, कणग्या, छपरं, सगळ्याची राख झाली होती. त्या राखेत जात्यांचे दगड तेवढे शाबूत होते.

तिम्मव्वा धाय मोकलून रडली. मग पदर खोचून उठली. एकेका जात्यावरची राख झाडायची, दगडावर तळवा ठेवायची आणि त्या घरच्या माणसांची नावं मोठ्याने घ्यायची. भागूबाई. तिची जाऊ रखमी. रांगणारा सुभान्या. घरातलं शेवटचं नाव झालं, की जातं आपोआप एक फेरा फिरायचं आणि गप्प व्हायचं, असं म्हणतात.

कुसाजी तेल्याच्या घरात मात्र घरच्या जात्याशेजारी दुसरं एक जातं निघालं. त्याला हात लावून तिला काहीच कळेना. मग आठवलं. मागल्या खेपेला ती निघताना या दारात एक पोर उभी होती. नवी सून, अंगावरची हळदही उतरली नव्हती.

"मावशे, माझ्या आंदणाच्या जात्याला बी टाकी लाव की," ती म्हणाली होती.

"फुडल्या खेपंला लावते, लेकी," असं म्हणून तिम्मव्वा घाईने चालती झाली होती. पोरीचं नाव विचारलंच नव्हतं.

हे तिच्या जिवाला फार लागलं. सासरी ठेवलेलं तिचं नाव जाणणारे सगळे मेले होते. माहेरी तरी कुणी असेल, म्हणून ती पोरीचं माहेर शोधायला निघाली.

पहिल्याच गावात तिने एका दारात विचारलं, "तुमची लेक खडकओहोळला दिली व्हती का?"

"न्हाई, बाय. माझी पल्याडच्या गावात दिलेली. तिथंबी फौज गेली." बाईने तिम्मव्वाचा हात धरला. "तिचं नाव सगुणा. त्येबी ने तुझ्यासंगं. हितं आमी घेत न्हाई. घेतलं की तिचा बाप जेवत न्हाई."

पुढच्या गावात तेच. त्याच्या पुढच्या गावातही तेच. एका म्हातारीने तर फौजेत गेलेल्या आपल्या लेकाचं नाव दिलं. "त्यानंच जाळलं आसंल तुमचं गाव," ती म्हणाली, "पर त्योबी माघारी आला न्हाई." तिम्मव्वा तिच्याकडे बघत राहिली. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं. शेवटी तिने तेही नाव घेतलं.

एका नावासाठी निघालेली बाई बारा वर्षं चालत होती, असं म्हणतात.

ती परतली तेव्हा खडकओहोळात चार घरं नव्याने वसली होती. ती सरळ त्या जात्यापाशी जाऊन बसली आणि गोळा केलेली नावं घेऊ लागली. सात दिवस घेत होती. आवाज बसला, तेव्हा नव्या वस्तीतल्या बायका जवळ आल्या. ती कुजबुजायची, त्या मोठ्याने म्हणायच्या. सगळी नावं संपली, तरी जातं हललं नाही.

"घावली न्हाईस गं मला," तिम्मव्वा त्या दगडाला म्हणाली. मग तिने छिन्नी काढली आणि टाकी लावायला घेतली. काम झालं, तिने दगडावर डोकं टेकलं, ते पुन्हा उचललं नाही. तेवढ्यात जातं एक फेरा फिरलं, असं म्हणतात.

खडकओहोळात आता गिरणी आहे, जात्यावर कुणी दळत नाही. पण आजही तिथे सुनेचं नाव बदलत नाहीत. वरात आधी त्या जात्यापाशी थांबते. नवरी आपलं नाव सांगते आणि सगळं गाव ते तीनदा म्हणतं. एखादी लाजून हळू बोलली, तर म्हाताऱ्या तिला पुढे जाऊ देत नाहीत.

"मोठ्यानं सांग, पोरी," त्या म्हणतात. "आमाला पाठ व्हाया पायजे."