खेकडीचा डोह आणि तात्यांचा अंगठा

डोह कसा आटला, ते गोष्ट सांगणारीने पाहिलेले नाही. गावानेही पाहिलेले नाही. नदीकाठी जाऊन बघतो कोण? पाहिले ते फक्त एका इवल्याशा खेकडीने.

काल पाणी पाठीवर होते.
आज पाणी पोटाखाली होते.
सकाळी उठली, तर नुसता चिखल. पचक.

"माझा डोह," खेकडी म्हणाली. "माझे घर."

खेकडीला पाण्यावाचून करमत नाही. पाण्यावाचून जगताही येत नाही. ती निघाली. आडवी आडवी, खुरुखुरु, खुरुखुरु.

नदी वाळूत पडून होती. नुसती ओल. नुसते दगड.

"नदीबाई, नदीबाई, वाहा जरा.
माझा डोह भरत नाही."

नदी म्हणाली, "झरा पाझरेल, तर मी वाहीन. आधी त्याला सांग. मग माझ्याकडे ये."

"बरे," खेकडी म्हणाली. तिच्या तोंडाला थोडा फेस आला. फस्स.

आडवी आडवी, खुरुखुरु, खुरुखुरु.

झरा कपारीत बसला होता. एक थेंब धरून. टप्‌ सुद्धा करत नव्हता.

"झरेदादा, झरेदादा, पाझर जरा.
नदी वाहत नाही,
माझा डोह भरत नाही."

झरा म्हणाला, "डोंगर पाणी धरील, तर मी पाझरेन. आधी त्याला सांग. मग माझ्याकडे ये."

"बरे," खेकडी म्हणाली. फस्स फस्स.

आडवी आडवी, खुरुखुरु, खुरुखुरु.

डोंगर उन्हात बसला होता. अंगावर गवताची काडी नाही. झाडाची सावली नाही.

"डोंगरआजोबा, डोंगरआजोबा, पाणी धरा जरा.
झरा पाझरत नाही,
नदी वाहत नाही,
माझा डोह भरत नाही."

डोंगर म्हणाला, "उघड्या अंगावर पाणी ठरते का? पाऊस येतो, घसरतो, निघून जातो. घसर्र. माझी मातीही घेऊन जातो. रोप वाढेल, तर मी पाणी धरीन. आधी त्याला सांग. मग माझ्याकडे ये."

"बरे," खेकडी म्हणाली. पण तिला ते मुळीच बरे वाटत नव्हते. फस्स फस्स फस्स.

आडवी आडवी, खुरुखुरु, खुरुखुरु.

डोंगराच्या पायथ्याशी एक खड्डा होता. खड्ड्यात एक रोप होते. गेल्या साली गावाने लावलेले. त्याला एक पान होते. आणि एक अर्धे.

"रोपबाळा, रोपबाळा, वाढ जरा.
डोंगर पाणी धरत नाही,
झरा पाझरत नाही,
नदी वाहत नाही,
माझा डोह भरत नाही."

रोप म्हणाले, "मी रोज वाढतो. शेळी रोज खाते. शेळी तोंड आवरील, तर मी वाढेन. आधी तिला सांग. मग माझ्याकडे ये."

"माझे पाय दुखतात," खेकडी म्हणाली.

"तुला पाय तरी आहेत," रोप म्हणाले.

खेकडीने आपल्या पायांकडे पाहिले. फस्स.

आडवी आडवी, खुरुखुरु, खुरुखुरु.

शेळी बांधावर उभी होती. कुरुम कुरुम. काय खात होती, ते विचारू नये.

"शेळीमावशी, शेळीमावशी, तोंड आवर जरा.
रोप वाढत नाही,
डोंगर पाणी धरत नाही,
झरा पाझरत नाही,
नदी वाहत नाही,
माझा डोह भरत नाही."

शेळी म्हणाली, "मोकळी शेळी दुसरे काय करणार? यसाआजी मला बांधील, चारा घालील, तर मी तोंड आवरीन. आधी तिला सांग. मग माझ्याकडे ये." कुरुम.

आडवी आडवी, खुरुखुरु, खुरुखुरु.

शेळीची मालकीण यसाआजी. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. टचक टचक.

"यसाआजी, यसाआजी, शेळी बांधा जरा.
शेळी तोंड आवरत नाही,
रोप वाढत नाही,
डोंगर पाणी धरत नाही,
झरा पाझरत नाही,
नदी वाहत नाही,
माझा डोह भरत नाही."

यसाआजी म्हणाली, "माझी एकटीचीच का बांधू गं? शेजारणीची हिंडते दिवसभर, ती नाही दिसत तुला? सगळं गाव बांधील, तर मी बांधीन. आधी त्यांना सांग. मग माझ्याकडे ये." टचक.

आडवी आडवी, खुरुखुरु, खुरुखुरु.

गाव पारावर बसले होते. मध्ये सरपंच तात्या बसले होते. यंदा झाडे कुठे लावायची, यावर बोलणे चालले होते.

"गेल्या सालच्या खड्ड्यातच लावू," तात्या म्हणाले. "खणलेला आहे. आयता."

"त्यात त्याच्या आदल्या सालीही लावलं होतं," कोणीतरी म्हणाले.

"मग? खड्डा चांगलाच आहे की," तात्या म्हणाले.

खेकडीने सगळे ऐकले. मग ती पाराखाली उभी राहिली.

"गावकरी हो, गावकरी हो, शेळ्या बांधा जरा.
यसाआजी शेळी बांधत नाही,
शेळी तोंड आवरत नाही,
रोप वाढत नाही,
डोंगर पाणी धरत नाही,
झरा पाझरत नाही,
नदी वाहत नाही,
माझा डोह भरत नाही."

गाव म्हणाले, "शेळ्या बांधू. रोपेही लावू. पण रोपांना पाणी कुठून घालू? नदी वाहील, तर आम्ही शेळ्या बांधू, रोपे लावू. आधी तिला सांग. मग आमच्याकडे ये."

खेकडीने सगळी वाट आठवून पाहिली.

नदीपासून ती निघाली होती. सगळ्यांकडे गेली होती. आणि आता तिला पुन्हा नदीकडे जायचे होते.

फस्स फस्स फस्स फस्स फस्स.

तात्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या. पाय पाराखाली सोडले होते. अंगठा मोठा होता. अगदी समोर होता.

कटक.

"आई गं," तात्या म्हणाले. "सोड."

"नाही."

"अगं, दुखतंय."

"माझाही डोह आटला आहे."

"मग तुला पाहिजे तरी काय?"

खेकडी म्हणाली, "सगळे म्हणतात, तो करील, तर मी करीन. आता मीही तेच म्हणते. गाव शेळ्या बांधील, तर मी अंगठा सोडीन. आधी त्यांना सांगा. मग माझ्याकडे या."

पारावर कोणीतरी हसले. तात्या हसले नाहीत.

"बांधा रे शेळ्या," तात्या म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ताच. अंगठा तुझा आहे का?"

"पण तात्या, रोपांना पाणी?"

खेकडीने नांगी जरा आवळली. कटक.

एवढ्यात गलका ऐकून यसाआजी तिथे आली. म्हणाली, "भांडी विसळलेलं पाणी जातं कुठे? मोरीत. त्यातलं तांब्याभर द्या की घरटी."

"तू देशील?" तात्यांनी विचारले.

"सगळं गाव देईल, तर मी…"

खेकडीचा एक डोळा तात्यांकडे होता. दुसरा डोळा हळूच वळला. यसाआजीच्या अंगठ्याकडे.

"देते, देते," यसाआजी म्हणाली.

"आणि खड्डा?" खेकडीने विचारले.

"आहे की गेल्या सालचा," तात्या म्हणाले.

"त्यात रोप आहे. दीड पानाचे. जिवंत आहे."

हे कोणालाच माहीत नव्हते. कोणी जाऊन बघितलेच नव्हते.

"मग नवे खणू," तात्या म्हणाले. "पुष्कळ खणू. आता तरी सोड, बाई."

खेकडीने अंगठा सोडला. पण लगेच नाही. आधी पहिली शेळी बांधलेली पाहिली. मग सोडला.

आडवी आडवी, खुरुखुरु, खुरुखुरु.

डोहाच्या चिखलात तिने खोल बीळ केले. आत ओल होती. दाराला माती लावली. आणि वाट पाहत बसली.

आता डोह लगेच भरला का? नाही. झाडे एका रात्रीत वाढत नाहीत. गोष्टीतसुद्धा नाहीत.

एक पावसाळा गेला. खेकडीने एक डोळा बाहेर काढला.

"भरला का डोह?"

"नाही," रोप म्हणाले. "पण मला आता चार पाने आहेत."

"चार पानांत मी पोहू का?" खेकडी म्हणाली. डोळा आत.

आणखी एक पावसाळा गेला. डोळा बाहेर.

"भरला का डोह?"

"नाही," डोंगर म्हणाला. "पण या साली माझी माती वाहून गेली नाही."

"बरे," खेकडी म्हणाली. डोळा आत.

आणखी पावसाळे गेले. किती, ते खेकडीने मोजले नाही. ती चिडलेली होती.

आणि मग एका सकाळी बिळाच्या दाराशी आवाज आला.

टप्‌.
टप्‌ टप्‌.
झुळुझुळु, झुळुझुळु.

गावाने शेळ्या बांधल्या,
यसाआजीने शेळी बांधली,
शेळीने तोंड आवरले,
रोप वाढले,
डोंगराने पाणी धरले,
झरा पाझरला,
नदी वाहिली,
आणि डोह भरला.

खेकडीने दाराची माती ढकलली. दोन्ही डोळे बाहेर काढले. पाणी पोटाखाली आले. पाणी पाठीवर आले. पाणी डोळ्यांच्याही वर गेले.

डुबुक.

"एवढेच तर मागत होते," खेकडी पाण्याखालून म्हणाली. बुडबुड, बुडबुड.

डोंगराची ही बाजू आता हिरवी आहे. इकडची नदी वाहते. डोंगराला पलीकडचीही एक बाजू आहे. तिकडेही एक नदी आहे. तिकडे अजून एकही झाड नाही. ती नदी अजून कोरडी आहे. तिकडे कोणाचा अंगठा अजून कोणी धरलेला नाही.