गोजाईनं घेतलेलं नाव

फार वर्षांपूर्वी, पांगारतळ्याच्या ओढ्यावर अजून साकव पडला नव्हता आणि पावसाळ्यात गाव चहूकडून तुटायचं, त्या काळात तिथं गोजाई नावाची बाई राहायची. तिच्या हाताला गुण होता. गुण कसला, तर कावीळ उतरवण्याचा. डोळे पिवळे झालेला माणूस तिच्या ओसरीवर यायचा, रविवारी सकाळी अनशापोटी तिनं वाटून दिलेला पाल्याचा गोळा ताकातून घ्यायचा, तेल-तिखट सोडायचा आणि बघता बघता पुन्हा नांगरामागं उभा राहायचा. असं म्हणतात की तिच्या ओसरीवरून पिवळा माणूस पिवळाच परत गेला, असं कधी झालं नाही.

पण पाला कसला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायचंच नाही, अशी रीत होती. शनिवारी तिन्हीसांजेला गोजाई बांधावर जायची, त्या रोपट्यापुढं हळदकुंकू आणि अक्षता ठेवायची आणि मनातल्या मनात त्याला आवतण द्यायची, "उद्या न्यायला येते, चल माझ्यासंगं." रविवारी उजाडताना न्हाऊन, ओलेत्यानं ती निघायची, रोपं मुळासकट उपटून पाटीत घालून आणायची. जाताना-येताना कुणाशी बोलायची नाही. वाटेत तोंडातून शब्द गेला की त्या रविवारचा पाला वाया. ती येताना दिसली की लोक पाठ फिरवून उभे राहायचे. पाटीत कुणी डोकवायचं नाही. आणि त्या पाल्याचं नाव तर कधीच घ्यायचं नाही. सासूनं मरताना गोजाईच्या कानात ते सांगितलं होतं आणि वर बजावलं होतं, "हे तोंडाभाईर पडलं का हात रिकामा झाला म्हनून समज." तेव्हापासून गोजाई त्या रोपट्याला नुसतं 'ती' म्हणायची. मीही नाव इतक्यात सांगत नाही. तिच्याआधी मी घेतलं तर बरं दिसणार नाही.

आता गंमत बघा. 'ती' काही कड्यावरची जडीबुटी नव्हती. भांगलायला बसलेल्या बायका तिला रोज तण म्हणून उपटून फेकत होत्या, गुरं तिला तुडवत होती. पण बघायचं नाही म्हटल्यावर गावानं इतक्या इमानानं डोळे मिटले होते, की पायाखाली काय उगवतं ते कुणी पाहिलंच नव्हतं.

अशात एका श्रावणात गावात कावीळ शिरली. आज या घरातला गडी पडला, उद्या त्या घरातली लेक. लोक सकाळी उठले की आधी एकमेकांचे डोळे बघायचे. आणि एके दिवशी गोजाईची सून येसू चुलीपुढं बसली असताना गोजाईनं तिच्याकडं पाहिलं. येसूचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. येसूला दिवस गेले होते. गोजाईला मुलगी नव्हती. भिवा हा एकुलता एक मुलगा आणि ही त्याची बायको. येसू घरात आली त्या दिवसापासून गोजाईनं ठरवून टाकलं होतं की आपला गुण हिच्याच कानात ठेवून जायचं. पोटुशीला कावीळ म्हणजे काय, ते तिला सांगावं लागणार नव्हतं. अशा दोन बाया तिनं आधी पाहिल्या होत्या. त्यांना तिच्या ओसरीपर्यंत यायलाच उशीर झाला होता.

शनिवार उजाडेपर्यंत तिनं कसा धीर धरला ते तिचं तिला माहीत. संध्याकाळी आवतण देताना अक्षता रोपट्याऐवजी चिखलातच पडल्या. रविवारी ती पाटी भरून परत फिरली. बांध पावसानं निसरडा झाला होता. ओढ्याच्या कडेला तिचा पाय सटकला आणि ती खाली ओघळीत पडली. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला.

गाव काही लांब नव्हतं. माणसं उभी होती, पण रीतीप्रमाणं पाठ फिरवून! आणि गोजाईनं तोंडात पदर कोंबला. ओरडावं तर येसूचा पाला वाया जाईल, या एकाच भीतीनं ती कळ सोसत पडून राहिली. तिच्या डोळ्यांदेखत पाटी पाण्याला लागली आणि गिरकी घेऊन वाहून गेली. आता गप्प राहण्यात काही अर्थ उरला नव्हता, तरी तिला तोंड उघडायला वेळ लागला. असं म्हणतात की तिनं "भिवाऽऽ" म्हणून हंबरडा फोडला तेव्हासुद्धा दोघं-तिघं पाठमोरेच उभे राहिले. रीत मोडायला आधी कुणी हलायचं, हा प्रश्न होता ना!

गावच्या हाडवैद्यानं मांडीला कामट्या बांधल्या आणि हलायचं नाही म्हणून सांगितलं. भिवानं आईला पाठुंगळीला घेऊन बांधावर न्यायचा घाट घातला, पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडताच तिची शुद्ध हरपली. दोन दिवस असेच गेले. इकडं येसूच्या पोटात पाणी ठरेना. ती मधेच बरळायची, मधेच माहेरच्या माणसांना हाका मारायची. पुढचा रविवार फार लांब होता.

"आये, मला सांग कसली असती ती," भिवा म्हणाला. "नाव नगं सांगूस. नुसती कशी दिसती त्येवढं सांग."

गोजाईनं सांगितलं. वितीएवढी असती. पानं बारीक, चिंचंवानी. पावसात येती. भिवा धावला, त्याच्यामागं आळीतली माणसं धावली. कुणी टाकळा आणला, कुणी लाजाळू, कुणी चिंचेची रोपं, कुणी तरवडाचे कोंब. ओसरीवर हिरवा ढीग पडला. गोजाई बाजेवरून एकेक काडी हातात घ्यायची आणि टाकून द्यायची. ढिगात सगळं होतं, तीच नव्हती. पावसात काय कमी बारीक पानं उगवतात? आणि ती उगवते पायात, तिला रोज उपटून फेकायची सवय. औषध म्हणून शोधायला गेलेल्या माणसाचं लक्ष तिच्याकडं जाईलच कशाला?

दिवस कलला. अंगणात बायामाणसं जमली. त्यात शेजारची हौसाक्का होती. तिचा धाकटा दीरही काविळीनं अंथरुणाला खिळला होता. गोजाईच्या तोंडाकडं बघून ती काय समजायचं ते समजली आणि पुढं झाली.

"गोजाबाय, नाव घ्यायचं मनात हाय व्हय तुझ्या?"

गोजाईनं तोंड भिंतीकडं वळवलं.

"सुनंपायी समद्या गावाचं औषिद घालवशील? आमचीबी मानसं पडल्यात. येत्या ऐतवारी तुला पाटावर बसवून नेऊ, डोलीत नेऊ. पर नाव घेऊ नगंस, बाय, तुझ्या पाया पडते."

ती खरोखरच पाया पडली. हौसाक्काचं काही चुकत नव्हतं, हेच तर वाईट होतं. तेवढ्यात आतून येसूचा आवाज आला. ती शुद्धीवर होती.

"आत्याबाई, माज्यासाटी नगा घेऊ. गुन गेला तर त्यो माज्याबी कामाचा न्हाई आन् त्येंच्याबी."

गोजाईला रडू फुटलं. नाव घेतलं आणि गुण गेला, तर येसू जाणार आणि तिच्यामागं सगळं गाव. नाव घेतलं नाही, तर येसू आज नाही उद्या जाणारच. इकडं आड, तिकडं विहीर. कुणाच्या कानात सांगूनही भागणार नव्हतं, नावावरून रोप ओळखणारं गावात कुणीच नव्हतं. सासूचे शब्द तिच्या कानात घुमत होते. पण आतून येसूचं कण्हणंही येत होतं आणि ते जास्त जवळून येत होतं.

"भिवा," ती म्हणाली, "माजी बाज अंगनात काढ. बांधाकडं तोंड करून ठेव."

बाज बाहेर आली. तिन्हीसांज झाली होती. गोजाईनं हात जोडले. "आत्याबाई, मला माफ करा," असं ती मेलेल्या सासूला म्हणाली. मग सगळी छाती भरून, शिवारात हरवलेल्या लेकराला हाक मारावी तशी तिनं हाक मारली.

"भुईआवळेऽऽ! ये गं बाय! भुईआवळेऽऽ!"

हौसाक्कानं कानांवर हात ठेवले. दोघी-तिघी रडायला लागल्या. हाक ओढ्यावरून गेली, समोरच्या डोंगराला लागली, परत आली.

भुईआवळी संध्याकाळ झाली की पानं मिटून झोपते. लहान मुलांनो, उद्या जाऊन बघा, हे खरं आहे. पण त्या दिवशी, असं म्हणतात, हाक पोचली आणि झोपलेली प्रत्येक भुईआवळी जागी झाली. बाकीचा पाला काळोखत चालला होता, टाकळा मिटला होता, लाजाळू मिटली होती आणि बांधाबांधावर, पायवाटेवर, उकिरड्याशेजारी, गोजाईच्या अंगणातसुद्धा एकेक इवलं झाड पानं उघडून उभं राहिलं. पानांखाली मोहरीएवढे आवळे ओळीनं दिसत होते.

"अगं बया," हौसाक्का म्हणाली, "ही तर मी कालच भांगलून टाकली!"

मग कुणी कुणाला थांबवलं नाही. रविवार नव्हता, आवतण नव्हतं, ओलेतं नव्हतं, सगळे एकदम बोलत होते. भिवानं अंगणातली रोपं उपटली, हौसाक्कानं ती आपल्या हातानं वाटली आणि येसूला पाजली. दुसऱ्या वाटीत दिरासाठी घेऊन ती पळतच घरी गेली.

पण गोजाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. पाला मिळाला, गुण राहिला का? रोज सकाळी ती भिवाला विचारायची, "डोळं बघ रं तिचं." भिवा बघायचा आणि गुरांकडं निघून जायचा. हाका मारून बोलावलेली पाहुणी रिकाम्या हातानं आली असली तर? गोजाईनं त्या दिवसांत अन्नाला शिवलं नाही. एके सकाळी भिवानं सांगायच्या आधीच येसू भिंतीला धरून बाहेर आली, बाजेवर टेकली आणि म्हणाली, "आत्याबाई, भाकरी खावीशी वाटतीया." गोजाईनं तिचं तोंड उजेडाकडं वळवलं. डोळ्यांतलं पिवळं कडेला हटलं होतं. हौसाक्काचा दीर उठला, बाकीचीही उठली. दिवाळीनंतर येसूला मुलगी झाली.

सासूचं म्हणणं मात्र खोटं ठरलं नाही. असं म्हणतात की त्यानंतर गोजाईच्या हाताला गुण उरला नाही. लांबून एक माणूस आला आणि तिच्याच हातचं हवं म्हणून अडून बसला. तिनं दिलं, त्याला उतार पडला नाही. मग हौसाक्कानं दिलं आणि तो बरा झाला. गोजाईला वाईट वाटलं. वाटणारच, जन्मभर त्या हातावर तिची ओळख होती. ती एक दिवस आपल्या तळव्यांकडं बघत बसली. दुसऱ्या दिवशी काठी टेकत बांधावर गेली आणि भांगलणाऱ्या बायकांना ओरडून सांगायला लागली, "उपटा, पर आदी नाव घ्या तिचं!" मरेपर्यंत तिनं तोच उद्योग केला.

आता पांगारतळ्यात डोळे पिवळे झाले की लोक दवाखान्यात जातात. जावंच, गोजाईनं कुणाला अडवलेलं नाही. पण गावात नवी नवरी आली की उखाण्याआधी तिला बांधावर नेतात. एखादं रोप दाखवतात आणि त्याचं नाव घ्यायला सांगतात. पोरगी लाजते, पुटपुटते. मग म्हाताऱ्या ओरडतात, "मोठ्यानं घे गं, गोजाईचा गुन तुज्या हातात यायचाय!" ती डोंगराकडं तोंड करून हाक मारते आणि ती हाक परत आली की मगच तिला उंबरा ओलांडू देतात.