वाफेची नाव आणि तीन चुळा

एका मोठ्या नदीच्या वळणावर एक गाव होतं, आणि त्या गावाला आपल्या गोड बोलण्याचा भारी गर्व होता. चावडीवर कोणी आवाज चढवला की पाटील दारातल्या रांजणाकडे बोट दाखवायचे. तिथे तीन चुळा भरायच्या, तोंड पुसायचं आणि परत येऊन तेच सावकाश सांगायचं. पाहुण्यांना ही रीत फार आवडायची. मला ती ऐकूनच संताप येतो, आणि का येतो ते तुम्हाला कळेलच.

त्या गावात एक तांबट राहायचा. चाळीस वर्षं तांब्याची भांडी ठोकून त्याचे कान मंद झाले होते, त्यामुळे ‘जेवलात का’ हे साधं विचारायचं तरी तो ओरडून विचारायचा. महिन्यातून दोनदा तरी त्याला रांजण दाखवला जाई. बिचारा मुकाट्याने चुळा भरून येई.

नदीला ओढ जबरदस्त होती. वैद्य राहायचा पलीकडच्या काठावर, आणि वल्ह्यांची नाव तिकडे पोचायला अर्धा दिवस लागायचा. तेवढ्यात दुखणेकरी हातचा जायचा. एकदा आंघोळीच्या बंबाकडे बघता बघता तांबटाच्या मनात आलं, मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी असं हे आहेच. याचं तोंड बंद करून वाफ कोंडली आणि तिला दट्ट्या ढकलायला लावला, तर नावेला लावलेली चाकं का फिरणार नाहीत?

चार महिने तो खपला. पुरुषभर उंचीचा बंब घडवला, सांधे रिबिटांनी पक्के केले. सुताराने दोन्ही बाजूंना फळ्यांची चाकं बसवून दिली. जाळाच्या वरच्या पत्र्यात मात्र तांबटाने मुद्दाम एक भोक ठेवलं आणि ते कल्हईच्या कथलाने बुजवलं. नाव चालवणार होता त्याचा जुना मित्र, गावचा नावाडी. त्याला त्याने बजावलं, “पाणी आहे तोवर हे कथील टिकेल. पाणी आटलं की वितळेल, आणि वाफ खाली सुटून जाळ विझवेल. नाव थांबेल, पण तू वाचशील.”

पहिल्या फेरीला पाटील हार घालून नावेत बसले. मुहूर्ताची वाट बघण्यात जाळ नुसताच जळत राहिला, पाणी आटत गेलं, आणि ऐन मध्य धारेत कथील वितळून नाव थांबली. दोर लावून ती ओढत आणावी लागली. काठावरची पोरंबाळं पोट धरून हसली.

पाटील कोणाला एक वाकडा शब्द बोलले नाहीत. कसे बोलतील? त्यांनी गुपचूप लोहाराला बोलावलं आणि तांबटाने पुन्हा भरलेलं कथील काढून त्या भोकात तांब्याची जाड खुंटी ठोकून घेतली. ज्याने नाव घडवली त्याला सांगितलं नाही, आणि जो ती चालवणार त्यालाही नाही.

पुढे चार दिवसांनी पलीकडून बडे पाहुणे यायचे होते. नावाडी पहाटेच नाव घेऊन तिकडे गेला आणि कथलाच्या भरवशावर जाळ पेटता ठेवून थांबला. पाटलांचा हुकूमच तसा होता. पाहुणे काही येईनात. दुपारी तांबट सांडशी मागायला लोहाराकडे गेला, तेव्हा लोहाराने मोठ्या फुशारकीने सांगितलं की तुझं ते गळकं भोक मी पार पक्कं करून टाकलंय.

तांबट तसाच चावडीकडे पळत सुटला. नदी रुंद, पलीकडे शब्द पोचत नव्हता. चावडीवरचा नगारा वाजला की नावाड्याने जाळ बाहेर ओढायचा, अशी खूण ठरलेली होती. नगाऱ्याच्या टिपऱ्या पाटलांच्या मांडीवर होत्या.

“नगारा वाजवा,” तांबट दारातूनच गरजला. “बंबातलं पाणी आटलं असणार. कथलाच्या जागी तांब्याची खुंटी ठोकलीय. बंब फुटेल, तो मरेल.”

हे चावडीवर जमलेल्या सगळ्यांनी ऐकलं. एकूण एक शब्द ऐकला. आणि सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

पाटील रांजणाकडे बोट दाखवत मऊ आवाजात म्हणाले, “तांबटदादा, पाहुणे यायची वेळ आहे. आधी चुळा भरून या, मग शांतपणे सांगा.”

तांबटाने बाकीच्यांकडे पाहिलं. कोणी मान खाली घातली, कोणी हलकेच रांजणाकडे खूण केली. त्याने टिपऱ्या हिसकावून घ्यायला हव्या होत्या. पण जन्मभराची सवय लागलेली, पाय आपोआप रांजणाकडे वळले. त्याने पहिली चूळ भरली. दुसरी भरली. तिसरी तोंडात असतानाच पलीकडे धडाका झाला, आणि चावडीची कौलं खडखडली.

नावेची एकही फळी शाबूत राहिली नाही. नावाडी पाण्यात फेकला गेला म्हणून त्याचा जीव वाचला, पण वाफेने त्याचे दोन्ही डोळे गेले. तांबट त्याच्या उशाशी बसून राहिला आणि पुन्हा कधी चावडीची पायरी चढला नाही.

आठवड्याने पाटील चार जणांना घेऊन नावाड्याच्या घरी समाचाराला गेले. आवाज अर्थातच मऊ होता. म्हणाले, “फार वाईट झालं बाबा. वेळेवर कळलं असतं तर काहीतरी केलं असतं.”

नावाड्याने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

“तांबट ओरडला ते मला पलीकडे ऐकू आलं होतं, पाटील,” तो म्हणाला. “मधे नदी होती म्हणून शब्द कळले नाहीत. तुमच्या मधे काय होतं?”

तात्पर्य: ओरडणाऱ्याला बोलायची रीत उद्याही शिकवता येते; तो काय ओरडतोय, ते मात्र त्याच क्षणी ऐकावं लागतं.