शुभ बोलण्याचा दिवस

चीनमधल्या एका नदीकाठच्या गावात यूचिन नावाची बाई राहायची. नवरा देहाय बांबूच्या टोपल्या विणायचा. घरात दोघंच. बाई मनाने वाईट नव्हती हो, पण शकुन-अपशकुनाची तिला भारी धास्ती.

आणि तिकडे नव्या वर्षाचा पहिला दिवस म्हणजे मोठा नाजूक दिवस. घर झाडायचं ते आदल्या दिवशी. पहिल्या दिवशी केरसुणीला हात लावला, तर घरातलं भाग्य केराबरोबर बाहेर जातं म्हणे. त्या दिवशी सुरी चालवायची नाही, औषधाचं भांडं चुलीवर चढवायचं नाही आणि तोंडातून वाईट शब्द काढायचा नाही. आपल्याकडे नाही का, बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात? तशातलंच. पहिल्या दिवशी जे बोललं जाईल, तेच वर्षभर घरात नांदेल, अशी समजूत.

देहाय पडला सरळ जिभेचा. तीन वर्षांपूर्वी याच दिवशी वर बघून तो म्हणाला होता, “यंदा हे छप्पर काही टिकत नाही.” झालं! शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली. पावसाळ्यात छप्पर कोसळलं. वासे वाळवीने पोखरलेले होते, सगळ्या गावाला दिसत होते. पण यूचिनने खापर फोडलं ते नवऱ्याच्या जिभेवर. पुढे म्हैस गेली, रेशमाचे किडे गेले, तेही तिच्या मते त्या एका वाक्यापायीच.

यंदा मात्र तिने कंबर कसली. घर लख्ख केलं, दाराच्या दोन्ही बाजूंना शुभ वचनांचे लाल कागद लावले आणि नवऱ्याला बजावलं, “अहो, उद्या कुणी काहीही विचारू दे. ‘उत्तम आहे’ एवढंच म्हणायचं. दुसरं अक्षर काढलंत, तर माझ्या गळ्याची शपथ.”

देहायचा बायकोवर जीव. तो म्हणाला, “बरं बाई.”

पहिल्या दिवशी पहाटे गावात फटाके वाजले. देहाय उठला तोच घामाने डबडबलेला. छातीवर हात दाबून बसला आणि म्हणाला, “यूचिन, मला जरा...”

“अहो, शपथ!”

त्याने मान डोलावली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. यूचिनला ते दिसलं. पण तिने स्वतःचीच समजूत घातली. आजचा एक दिवस जाऊ दे, उद्या उजाडताच काढा देऊ.

थोड्या वेळाने गल्लीच्या टोकाला राहणारे कुओ वैद्य संत्री घेऊन नव्या वर्षाच्या भेटीला आले. देहायशेजारी बसले, चहा घेतला.

“काय देहायदादा, तब्येत कशी?”

देहायने बायकोकडे पाहिलं. तिने डोळे वटारले.

“उत्तम आहे,” तो म्हणाला.

“चेहरा उतरलेला दिसतोय.”

“जागरण हो!” यूचिन मध्येच बोलली. “नवं वर्ष लागेपर्यंत जागलो ना काल.” तिने वैद्यांच्या हातावर खाऊची पुडी ठेवली. पुढे आणखी दहा घरं करायची होती, वैद्य उठून गेले.

दुपारी जेवायला बसताना देहाय आडवा झाला, तो उठेचना. श्वास घरघरायला लागला. यूचिन धावत वैद्यांच्या अंगणात गेली. तिथे पाहुणे जमलेले, नव्या कपड्यांतली पोरं बागडत होती, सगळीकडे हसणं-खिदळणं. यूचिनचे पाय दाराशीच अडले. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर, वर्षाच्या पहिल्या दिवशी, असला शब्द काढायचा तरी कसा?

“वैद्यबुवा,” ती म्हणाली, “जरा घरी येता? चहाला.”

वैद्य हसले. “वहिनी, सकाळीच तर पिऊन आलो. आता उद्या येतो.”

पाहुणेही हसले. यूचिन तशीच उभी. वैद्य पाहुण्यांकडे वळून पुन्हा गप्पांत रमले. मग मात्र तिला राहवेना. ती किंचाळली, “अहो, ते मरताहेत हो!”

वैद्य अनवाणीच धावले. घरी पोचून त्यांनी देहायची नाडी धरली. बराच वेळ धरून ठेवली, मग हात हलकेच खाली ठेवला.

“वहिनी, सकाळी मी यांच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो,” ते म्हणाले. “छातीत दुखतंय, एवढं तरी सांगायचं. तेव्हा काहीतरी करता आलं असतं.”

“ते सांगत होते हो!” यूचिनने ऊर बडवून घेतला. “सांगायला तोंड उघडलं होतं त्यांनी. मीच गप्प केलं!”

शेजारपाजारची माणसं दाराशी जमली. त्या दिवशी रडणंसुद्धा अशुभ मानतात. पण तिला गप्प राहा म्हणायला कुणाचीही जीभ रेटली नाही.

तात्पर्य: शुभ जरूर बोलावं, पण आपल्या माणसाचं दुखणं आधी ऐकून घ्यावं. अपशकुनाच्या भीतीने तोंड दाबलं, म्हणून संकट टळत नाही. टाळायची वेळ तेवढी निघून जाते.