नवशे बारा कलमांची वही

नवशे बारा कलमांची जाडजूड वही उंच धरून राजा गंभीररावांनी भर दरबारात अट घातली. या वहीतलं एकही कलम जिच्यात नाही, अशी गोष्ट ठकूने सांगायची. जमलं, तर तिच्या बापाचा जप्त केलेला डफ परत मिळेल. नाही जमलं, तर त्या बापाने, म्हणजे भिवा कथेकऱ्याने, यापुढे या राज्यात तोंड उघडायचं ते फक्त जेवायला!

आता हट्टी राजा हे त्या वहीतलं पहिलंच कलम, आणि गरिबाची हुशार पोरगी हे तिसरं. म्हणजे आमची ही गोष्ट इथेच निकालात निघाली म्हणायची. काय करणार, आम्हाला दुसरी येत नाही. ज्यांना उठून जायचंय त्यांनी खुशाल जावं.

तर ही वही आली कुठून? राजाला गोष्टींचं भारी वेड. पण एकदा त्याच्या लक्षात आलं, की दर दुसऱ्या गोष्टीत सावत्र आई छळतेच आणि धाकटा राजपुत्रच शहाणा निघतो. त्याने अंतोबा चिटणिसांकडून एक कोरी वही चावडीवर ठेववली. गोष्टींत पुन्हा पुन्हा येणारं जे कुणाला सापडेल ते त्याने तिथे लिहावं, कलमापुढे त्याचं नाव लागेल. झालं, अख्खं गाव शहाणं झालं! कथेकऱ्याने 'एक होती सासू' म्हणायचा अवकाश, की कुणीतरी 'कलम एकतीस' म्हणून ओरडायचं. गोष्ट कशी होती विचारलं, तर पूर्वी लोक झकास म्हणायचे, नाहीतर रटाळ म्हणायचे. आता म्हणायचे, 'चार, सोळा आणि एकतीस.' राजाने मग फर्मानच काढलं, की वहीतलं कलम ज्याच्या तोंडून निघेल त्याचं वाद्य सरकारी कोठारात जमा. भिवाचा डफ गेला तो असा.

ठकू काही गोष्टी सांगणारी नव्हे. बापाच्या मागे उभं राहून धृपद ओढायचं, आणि तो दम खायला थांबला की 'मग पुढं?' विचारायचं, एवढंच तिचं काम. आवाज म्हणाल, तर एकदा तिने तान घेतली आणि शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून गेली. हे ती स्वतःच सगळ्यांना हसत हसत सांगायची. पण डफ गेल्यापासून बाप भिंतीकडे तोंड करून बसला होता. बोटं तेवढी गुडघ्यावर वाजत होती. ते तिला बघवेना. म्हणून ती दरबारात आली होती.

तिने घसा खाकरला आणि सुरुवात केली.

"आणि मग सातव्या दिवशी म्हातारीने विहिरीतून हंडा वर ओढला. हंड्यात पाणी नव्हतंच, सुनेचं जोडवं होतं. म्हातारी आधी हसली, मग रडली. मग तशीच ओल्या लुगड्याने गावात गेली आणि एका लंगड्या कुत्र्याच्या पायांवर तिने डोकं ठेवलं. त्या दिवसापासून घरात पहिला घास कुत्र्याचा, दुसरा सुनेचा आणि उरलं तर म्हातारीचा. संपली गोष्ट."

अंतोबा भराभर पानं उलटत होते. मध्येच त्यांचा चेहरा खुलला. सासू सापडली, कलम एकतीस, छळणारी सासू!

"छळलं कुठे, चिटणीस? ती तर रडतेय," ठकू म्हणाली.

अंतोबांनी वही शेवटापर्यंत चाळली, पुन्हा पहिल्यापासून चाळली, आणि मान हलवली. एकही कलम लागू होत नव्हतं. दरबारात कुजबुज सुरू झाली. राजाने विचारलं, की नवशे बारा कलमांत हे एकही कसं नाही?

"महाराज, मी बापाच्या मागे उभी असते, मला तिथून सगळं दिसतं," ठकू म्हणाली. "कुणाला एखादं कलम सापडलं, की दुसऱ्याने आधी लिहू नये म्हणून तो उठून चावडीकडे पळतो. शेवटाला उरतो ते आम्ही दोघं आणि समोरची रिकामी सतरंजी. तुमच्या वहीत गोष्टींची नुसती सुरुवात आहे. शेवटापर्यंत बसलंय कोण? म्हणून मी शेवट तेवढा सांगितला."

राजा पुढे वाकून हळूच म्हणाला, "ते असू दे. पण कुत्र्याने केलं काय?"

"ते आधीच्या भागात आहे, आणि तो सगळा तुमच्या वहीत आहे. चिटणीस वाचून दाखवतील."

राजाने खूण केली. अंतोबांनी वाचलं, "कलम सात, इमानी कुत्रा. पाहा कलम एकशे नऊ, इमानी घोडा."

"पुढे?"

"पुढे घोड्यापाशी लिहिलंय, पाहा कलम सात."

"मिटव ती वही!" राजा ओरडला. "पोरी, तू सांग. सासू छळू दे, सून घर सोडू दे, जे जुनं असेल ते सगळं येऊ दे!"

"सांगितलं असतं, महाराज," ठकू हात जोडून म्हणाली. "पण सुरुवात माझ्या बापाला येते, आणि त्याला डफाशिवाय येत नाही. मला येतं ते फक्त 'मग पुढं?' विचारायला. आणि ते तर आता तुम्हीच विचारताय!"

गंभीरराव एवढे हसले, की डोक्यावरचा जरीचा मंदिल डोळ्यांवर आला. राजा हसतो आणि बक्षीस देतो, हेही त्या वहीत नव्हतं बरं का, तिथवर कुणी बसलंच नव्हतं. ठकूला पैठणी मिळाली, कोठारातली सगळी वाद्यं ज्याची त्याला परत गेली आणि भिवाला आणायला पालखी धावली. भिवाने डफावर थाप मारून 'एक होती सासू' म्हटलं मात्र, अंतोबांचा हात सवयीने वर गेला. राजाने तो धरून खाली ओढला आणि कथेकऱ्याला म्हणाला, "मग पुढं?"