दोन तोंडांचा झरा आणि सारजाचं प्यादं

या, सावलीला बसा. पाणी प्या आधी. गार आहे ना? आता खाली वाकून बघा. झरा एकच, पण कातळावर आला की दोन वाटांनी फुटतो. मावळतीकडची धार खैरोली तर्फेला जाते, उगवतीकडची मांडवस तर्फेला. तर्फ म्हणजे पूर्वीचा दहा-बारा गावांचा पट्टा. आणि फुटतो तिथं मधोमध तो बोटाएवढा दगड उभा आहे ना, ते प्यादं आहे. बुद्धिबळातलं. त्याला हात लावायचा नाही, एवढं सांभाळा.

फार मागची गोष्ट. माझ्या आज्याला त्याच्या आज्यानं सांगितलेली. तेव्हा या पाण्यावरून दर उन्हाळ्यात काठ्या चालत. एका साली दोन्हीकडचा एकेक माणूस गेला. तेव्हा जाणती माणसं इथं जमली आणि म्हणाली, आता रक्त नको. दोन्हीकडचे गुराखी या पठारावर बुद्धिबळं खेळतातच. तर पाच गडी तुमचे, पाच आमचे. तीन डाव जिंकेल त्या तर्फेला सगळं पाणी. हरेल तिच्या बाजूचं तोंड कायमचं बुजवायचं. इथं कातळावर दिसतात ते पाच पट तेव्हाच कोरले, असं सांगतात. बुजवायला धोंडाही घडवून ठेवला.

मांडवसच्या केरबाला हरवील असा माणूस खैरोलीत नव्हता. त्याचा हात ओळखणारी एकच होती, त्याची लेक सारजा. चुलीपुढच्या राखेत पट आखून बापानंच तिला शिकवलेलं. ती खैरोलीत दिलेली. तिच्या सासऱ्यानं, धुळबानं, तिलाच पाचव्या पटावर बसवायचं ठरवलं. पण बापासमोर सुनेचा हात आखडेल, ही धास्ती. म्हणून त्यानं तिला झऱ्यात हात बुडवून शपथ घ्यायला लावली. सारजा म्हणाली, "सासरचा डाव मी हरणार नाही." धुळबाचं समाधान झालं.

चैत्रातला दिवस. उन्हं डोक्यावर यायच्या आत चार डाव संपले. दोन इकडं, दोन तिकडं. मग सगळं पठार पाचव्या पटाभोवती गोळा झालं. मांडवसचा एक जण ओरडला, "केरबा, लेकीला लवकर मोकळी करा, तिला भाकरी थापायच्यात!" खैरोलीकडून लगेच आलं, "थापील की! तुमच्याकडं पीठ मळायला पाणी राहील का, ते बघा!" हसले सगळे. पण बाप-लेक हसली नाहीत.

ऊन कललं. केरबाचे मोहरे एकेक करून उठले. शेवटी त्याचा राजा आणि एक प्यादं, एवढंच उरलं. सारजानं वजीर एक घर सरकवला की मात होती. उभ्या पोराटोरांनाही ती दिसत होती. मांडवसचं तोंड बुजवायला गवंड्यानं धोंड्याला पहार लावली. मांडवसच्या बायांनी पदर तोंडाला लावले. केरबानं वर बघितलंच नाही, म्हणे.

सारजानं वजिराला बोट लावलं नाही. घोडा उचलला आणि बापाचं ते शेवटचं प्यादं मारलं.

आपल्या जुन्या डावात राजाला एकटा पाडायचा नाही. शेवटचा मोहरा मारला की बुर्जी होते, म्हणजे डाव बरोबरीत. नवशिक्याचीच चूक ही. धुळबा ताडकन उठला. "सारजे, डोळे फुटले का तुझे? मात दिसली नाही?"

"दिसली, मामंजी."

"आणि शपथ?"

"हरणार नाही म्हटलं होतं. हरले का?"

बरोबरी झाली तर काय, हे कुणी ठरवलंच नव्हतं. तेवढ्यात केरबा उठला. मेलेलं प्यादं त्यानं ओंजळीत घेतलं, झऱ्याशी गेला आणि धार फुटते तिथं मधोमध उभं केलं. लेकीकडं बघून एवढंच म्हणाला, "हे मी तुला शिकवलं नव्हतं गं."

वाहत्या पाण्यात हातभर काठी टिकत नाही, पण ते प्यादं हललं नाही. मग धुळबा पुढं झाला, त्यानं मांडवसच्या तोंडाचं पाणी ओंजळीत घेतलं आणि व्याह्याला पाजलं.

तेव्हापासून दर चैत्रात दोन्ही तर्फांचे पाच-पाच गडी इथं बसतात. चार पटांवर इरेला पडून खेळतात, वर्षभर एकमेकांना चिडवतात. पाचव्या पटावर मात माहेरच्या माणसासमोर सासरवाशीण बसते आणि तो डाव बुर्जीवरच सोडवतात. तो झाल्याशिवाय त्या दिवशी कुणी पाण्याला शिवत नाही.

तो धोंडा, तिकडं करवंदीत पडलाय ना, तो आजही तिथंच आहे. पहारीची खूण आहे त्याच्यावर. आणि हे प्यादं आजही उभं आहे. पाण्यानं झिजून त्याचं डोकं गुळगुळीत झालंय. पण बघा ना, दोन्हीकडची धार अजून सारखीच आहे.